खुन्याचा सफारी

खुन्यानं काय घालावं, या प्रश्नावर आमच्या गल्लीत शेवटपर्यंत एकमत झालं नाही. एरवी आमची गल्ली अशी नाही. कोणाच्या मुलीनं कोणता कोर्स करावा, कोणाच्या घरी फोडणी जास्त होते, माझं लग्न का राहिलं, या विषयांवर तिची मतं केव्हाच पक्की झालेली आहेत. पण खुनी हा विषय नवा होता, आणि नव्या विषयावर पहिलं मत आपलं असावं असं प्रत्येकाला वाटतंच.

मी कॉलेजात मराठी शिकवते. वाशीम-रिसोड रस्त्यावरच्या आमच्या गावात ते एकच कॉलेज आहे. युवा महोत्सवात यंदा लघुपटाची स्पर्धा होती. ज्याला कविता कळते त्याला सिनेमाही कळत असणार, असं आमच्या प्राचार्यांनी ठरवलं आणि मला मार्गदर्शक नेमलं. खरं म्हणजे कविता मला कळते, असंही मी कधी छातीठोकपणे म्हटलेलं नाही.

दिग्दर्शक होती वर्षाराणी. बी. ए. दुसरं वर्ष. मेडशीहून रोज एसटीनं येते. तिनं आयुष्यात एकही खून पाहिलेला नाही, पण रोजच्या त्या प्रवासामुळं माणसं खून का करत असतील हे तिला नीट समजलेलं आहे. चित्रपटाचं नाव तिनं ठेवलं होतं ‘सातवा खून’. कथेत खून एकच होता.

“आधीचे सहा कुठं गेले?” मी विचारलं.

“ते होऊन गेले मॅडम. आपल्याकडं माणसं कमी आहेत.”

खुनी म्हणून पवनची निवड झाली होती. पवन मानोऱ्याकडच्या एका तांड्यावरचा, होस्टेलला राहणारा, उंच आणि इतका सडपातळ की वर्गात तो खिडकीत उभा राहिला तरी उजेड अडत नाही. त्याच्यासाठी वर्षाराणीनं काळं जाकीट, काळे हातमोजे आणि काळा गॉगल जमवला होता. सोयाबीनच्या हंगामातलं ऊन होतं. मी पुस्तकं वाचलेली बाई. मला बोलल्याशिवाय राहवलं नाही.

“पात्र तोंड उघडायच्या आधी त्याचे कपडे बोलतात,” मी म्हणाले. “असं जाकीट घालून आलेल्या माणसापासून लोक आधीच लांब सरकतील. मग हा मारणार कोणाला? खुनी असा दिसला पाहिजे, की स्टँडवर एखादी बाई आपलं लेकरू त्याच्याजवळ ठेवून तिकीट काढायला जाईल.”

“म्हंजे कोणावानी मॅडम?”

“माझ्या बाबांसारखा.”

हे वाक्य मी का बोलले, मला ठाऊक नाही. बाबांना जाऊन वर्ष होत आलं होतं आणि तेवढ्या काळात कॉलेजात मी त्यांचं नाव काढलं नव्हतं. पण गावात त्यांना सगळे ओळखत. माणिकराव, बाजार समितीत लिलाव पुकारणारे. अर्ध्या तालुक्याचा सोयाबीन त्यांच्या आवाजात विकला गेलेला आहे. कॉफी रंगाचा सफारी, वरच्या खिशाला पेन.

“मंग तोच सफारी भेटन का मॅडम?” पवननं हळूच विचारलं. पोरगं भलं आहे. त्याला वाटलं, मी तेच सुचवते आहे.

आता घरची अडचण सांगायला हवी. बाबांच्या पहिल्या स्मृतिदिनाला विहारात वंदना, भन्तेंना भोजनदान आणि त्याच दिवशी बाबांचे सगळे कपडे गरजूंना देऊन टाकायचे, असं आईनं ठरवलं होतं. आईला गावात बेबीताई म्हणतात, आणि बेबीताईनं ठरवलेलं बदलत नाही, हेही गावाला ठाऊक आहे. मला ते कपडे द्यायचे नव्हते. गेलेल्या माणसाच्या वस्तूंबद्दल मी पुष्कळ वाचलेलं आहे; त्यातलं एक वाक्यही आईसमोर उभं राहत नसे.

“कपडे ठेवून माणूस थांबते का वो धम्मदीपा?”

“नाही.”

“मंग?”

या ‘मंग’च्या पुढं मला आजवर जाता आलेलं नाही.

त्या संध्याकाळी आई तांदूळ निवडत होती. मी म्हणाले, “बाबांचा सफारी शूटिंगला लागणार आहे.”

“कायले?”

“खुन्याला घालायला.”

आईनं दोन खडे बाजूला काढले. “खून कोणाचा होते?”

“एका प्राध्यापकाचा.”

“मंग ठीक आहे. खुंटीवर आहे तो, घे. शूटिंग झाली का वापस आन, संगंच देऊन टाकू सारे.”

शूटिंग झाली का. म्हणजे शूटिंग होईपर्यंत नाही. माझ्या मनानं एवढंच ऐकलं.

दुसऱ्या दिवसापासून गल्ली कामाला लागली. समोर उदयसिंग राहतात, पोलिसातून निवृत्त झालेले. त्यांनी स्वतःच स्वतःला तांत्रिक सल्लागार नेमलं. “माह्या साऱ्या सर्विसमदी काळ्या कपड्यातला खुनी म्या एक नाई पाह्यला,” ते म्हणाले. “एक तं चड्डी-बनेनवर सापडला. तुमच्या पोट्ट्याले चड्डी-बनेन द्या. अस्सल दिसन.”

शेजारच्या संगीतावहिनींचं मत लाल शर्टाचं होतं. रक्त उडालं तर धुवायला नको. त्यांना विषयाची घरगुती बाजू आधी दिसते. मग जरा जवळ येऊन त्या म्हणाल्या, “पन ताई, गेलेल्या मानसाचा कपडा असा खुनाबिनाले देऊ नये. आत्म्याले काय वाटन?”

मी म्हणाले, “आम्ही आत्मा मानत नाही, वहिनी.”

“तुमी नका मानू. पन त्याले तं वाटन ना!”

त्या रात्रीच्या जेवणात माझं लक्ष नव्हतं.

सफारी पवनला व्हावा असं काही नव्हतं. बाबा रुंद होते. पवनच्या अंगात तो दोरीवर वाळत घातल्यासारखा दिसे. टेलर म्हणाला, दोन्हीकडून दाबून देतो. त्यानं कात्री उचलली आणि मी सफारी त्याच्या हातातून अक्षरशः ओढून घेतला. मास्तरणीला हे शोभलं नाही. दुकानातली दोन गिऱ्हाइकं मान वळवून पाहत राहिली. मग आतून भरण घालायचं ठरलं. आधी टॉवेल. मग उशी. उशी खाली सरकली, तेव्हा खुन्याला दिवस गेल्यासारखं दिसू लागलं. उदयसिंग म्हणाले, “अशा अवस्थेत कोर्टही जामीन देते.” शेवटी तीन स्वेटरांवर सफारी चढवला. पहिल्याच शॉटला पवनला घेरी आली, आणि ज्याचा खून व्हायचा होता त्या प्राध्यापकाला खुन्याला वारा घालत बसावं लागलं.

त्या गडबडीत सफारीच्या खिशातून सोयाबीनचे काही दाणे पडले. बाबांची सवय. ढिगात हात घालायचा, मूठभर दाणे पाहायचे, थोडे खिशात जायचे. मी ते वेचले. कोणी पाहत नाही असं पाहून एक तोंडात टाकला. कच्चा सोयाबीन चांगला लागत नाही.

खुनाची जागा बाजार समितीचं आवार हवी, असा वर्षाराणीचा हट्ट होता. परवानगीसाठी मी सचिवांकडे गेले. ते बाबांच्या हाताखाली तयार झालेले. त्यांनी अर्ज दोनदा वाचला.

“ताई, खून होनारा शेतकरी आहे का?”

“नाही, प्राध्यापक.”

“बरं झालं. करनारा व्यापारी?”

“नाही.”

“अडत्या, हमाल, मापारी? समितीचा आजी-माजी कर्मचारी?”

“बाहेरगावचा आहे,” मी म्हणाले.

“तसं लिहून द्या. खुनी बाहेरगावचा असून त्याचा या बाजाराशी काही संबंध नाही. उगाच उद्या सभेत कोनी उभं राहाले नको.”

मी लिहून दिलं. तेवढ्यात दार ढकलून पवन आत डोकावला, अंगात सफारी, वरच्या खिशाला पेन. सचिव खुर्चीतून अर्धे उठले. मग पुन्हा बसले. टेबलावरचा काचेचा गोळा त्यांनी एका जागेवरून दुसरीकडे ठेवला.

“काही नाई,” ते म्हणाले. “सवय.”

पुढचा घोळ पांढऱ्या साडीचा. खुनाची एकमेव साक्षीदार रूपा. तिला वर्षाराणीनं पांढरी साडी दिली. लोकांना कळू नये की ही बाई आहे की भूत.

रूपा म्हणाली, “अवं, पांढरी साडी तं आमच्याकडं लग्नाले नेसतेत.”

“पिक्चरमदी भुतंच नेसतेत,” वर्षाराणी म्हणाली.

दोघी माझ्याकडं पाहू लागल्या. मी स्वतः बौद्ध घरातली. पौर्णिमेला, लग्नाला, वंदनेला आयुष्यभर पांढरी साडी नेसत आलेली. सांगायचं सोडून मी सफारीची कॉलर सरळ करत होते. म्हणाले, “पाहू या.”

स्टँडवरच्या दृश्यात रूपा खांबाआड उभी राहून खुन्याकडं टक लावून पाहणार होती. कॅमेरा लांब, चहाच्या टपरीत. नेमकं त्याच वेळी एका बौद्ध लग्नाला, मंगल परिणयाला, निघालेलं वीसेक बायांचं वऱ्हाड स्टँडवर उतरलं. सगळ्या पांढऱ्या साड्यांत. कॅमेऱ्याला एकाएकी एकवीस भुतं दिसू लागली. भुतं एकमेकींना पान देत होती. त्यातली एक ठसठशीत मावशी रूपाला म्हणाली, “अवं, इथी काय उभी राह्यली? जीप निघून राह्यली ना! चाल, बस!” रूपा लहान पोरगी, मोठ्या बाईला नाही कसं म्हणावं? ती बसली. जीप गेली. पवन मात्र दिग्दर्शकाच्या आज्ञेप्रमाणं रिकाम्या खांबाकडं कितीतरी वेळ थंड नजरेनं पाहत राहिला.

रूपा उन्हं कलल्यावर परतली. हातात बुंदीची पुडी. “ओळखीचेच निघाले मॅडम,” ती म्हणाली. “नवरी माह्या मामीच्या बहिनीची पोरगी. तुमालेही इचारलं त्याइनं.”

आता सांगायला हरकत नाही: मला आनंद झाला होता. तो दिवस वाया गेला म्हणजे पुन्हा एक दिवस आला. तोवर शूटिंग लांबवण्याची कला मला चांगली साधली होती. बटण नीट नाही, पुन्हा घ्या. पेन डावीकडं कललेलं आहे, पुन्हा घ्या. खांदा पडला. बाही चुरगळली. कपड्यांतून पात्र उभं राहायला वेळ लागतो, असं मी फार गंभीरपणे सांगत असे, आणि रोज संध्याकाळी सफारी घरी आणून खुंटीला लावत असे.

आई रोज विचारी, “झाला का खून?”

“आज नाही झाला.”

“एका माणसाले मारायले किती दिस लावता वो? त्या मास्तराच्या जिवाचा काही इचार?”

शेवटी वर्षाराणीचा धीर सुटला. भर आवारात, सगळ्यांदेखत ती म्हणाली, “मॅडम, खरं सांगा. तुमाले पिक्चर पायजे का कपडे पायजे?”

मार्गदर्शकाला असं विचारत नाहीत. मी म्हणाले, “उद्या संपवू.”

स्मृतिदिनही जवळ आला होता. खून एकदाचा उरकला होता; दुसऱ्या दिवशी दोनच शॉट राहिले होते. एकात खुनी सोयाबीनच्या ढिगांमधून चालत जातो. दुसऱ्यात पकडला जातो.

आवार भरलेलं होतं. लिलाव आटोपला होता, माणसं पोत्यांवर टेकली होती. कॅमेरा पवनच्या मागं. “काही झालं तरी वळून पाह्यचं नाई,” वर्षाराणीनं बजावलं. पवन निघाला. उन्हात, ढिगांच्या मधून, कॉफी रंगाची पाठ पुढं जाऊ लागली. मी कॉलर पाहत होते. मग कॉलर पाहायचं राहून गेलं.

“ओ माणिकभाऊ!”

एका पोत्यावरून म्हातारा माणूस उठला. धोतर, टोपी, डोळ्यांवर ऑपरेशननंतरचा काळा चष्मा. “अबे थांब ना! किती हाका मारू?”

पवन चालत राहिला. त्याला वळून पाहायचं नव्हतं. म्हातारा त्याच्या मागं धापा टाकत निघाला. “वरीसभर भेटलो नाई तं ओळख इसरला का बे? बहिरा झाला का साल्या?” आणि गाठून त्यानं सफारीच्या खांद्यावर हात टाकला.

पवन वळला. म्हाताऱ्यानं चष्मा काढला. पवनच्या तोंडाकडं पाहिलं, मग खाली कपड्याकडं, मग पुन्हा तोंडाकडं. वर्षाराणीनं ‘कट’ म्हटलं नाही.

ते उकंडराव होते. रिसोडच्या पलीकडच्या गावातले, बाबांचे जुने स्नेही. सोयाबीन घेऊन आले की दुपारी आमच्या घरी जेवत. डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी पुण्याला मुलाकडं गेले, ते तिकडंच राहिले होते. मी पुढं गेले.

“बेबीताईची पोरगी ना तू?” त्यांनी मला ओळखलं. “हा सफारी तं माणिकभाऊचा आहे.”

“हो काका.”

“मंग तो कोठी आहे?”

वर्षभरात हे मला कोणाला सांगावं लागलं नव्हतं. गावाला माझ्याआधीच कळलं होतं. येईल तो मलाच सांगत आला होता. ते वाक्य माझ्या तोंडात कधी आलंच नव्हतं.

“बाबा गेले, काका,” मी म्हणाले. “मागच्या साली. झोपेतच.”

उकंडराव सोयाबीनच्या ढिगावर बसले. ढिगावर कोणी बसलं की हमाल ओरडतात. कोणी ओरडलं नाही. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

“मले कोनी सांगलं नाई,” ते म्हणाले. आणि थोड्या वेळानं, “हे कापड आमी संगंच घेतलं होतं. एकाच ताग्यातलं. दुकानवाला म्हने, भाऊ-भाऊ हाये का? माणिकभाऊ म्हने, व्हय, हा लहाना. अन् खरा मोठा तं मी!” ते हसले, ते हसू अर्ध्यातच मोडलं. “माहा म्या वावरात घालू घालू फाडला. हा जपून वापरे. मी म्हनो, अबे कायले जपून राह्यला? कोनासाठी ठेवतं?”

मी पवनकडं वळले. “काढ.”

पवननं वरचा सफारी काढला. खाली तीन स्वेटर पाहून एक-दोघं हसले आणि गप्प झाले. पँट मी मागितली नाही. खुन्याचीही काही अब्रू असते.

“घाला, काका.”

“म्या?” उकंडरावांनी आवारावर नजर फिरवली. त्यांच्या गावची बरीच माणसं त्या आवारात होती. आमच्या घरी जेवतो, हे ते गावात बोलत नसत. बाबांना ते ठाऊक होतं, आणि बाबांनी तो विषय कधी काढला नाही. आता सगळे पाहत होते. उकंडराव उठले. एक हात घातला, मग दुसरा. खांद्यांवर सफारी असा बसला, की टेलरनं पाहिलं असतं तर कात्री ठेवून दिली असती. त्यांनी सगळी बटणं लावली, एकेक, वरपासून खालपर्यंत, कसलीही घाई न करता.

वर्षाराणी माझ्या कानाशी आली. “मॅडम, खुनी पकडायचा शॉट राह्यला ना.”

“तो पकडला जात नाही.”

“मंग शेवट?”

मी हातानंच दाखवलं. कॅमेरा चालूच होता. उकंडराव चालले होते, वर सफारी, खाली धोतर, सोयाबीनच्या ढिगांमधून, आपल्या गावच्या माणसांच्या घोळक्याकडं. कोणीतरी त्यांना पोत्यावर जागा करून दिली.

स्पर्धेत ‘सातवा खून’ शेवटून पहिला आला. खुन्याचा पोशाख शेवटच्या दृश्यात अचानक बदलतो, तो म्हातारा का होतो हे कळत नाही, आणि मुळात प्रेक्षकांना खुन्याची भीतीच वाटत नाही, असं परीक्षकांनी लिहिलं. सगळं खरं होतं. वर्षाराणी मला घालूनपाडून बोलली नाही. तेवढं मी तिला शिकवलं असावं.

सफारी उकंडरावांच्या अंगावरच त्यांच्या गावी गेला होता, खुंटी रिकामी होती. स्मृतिदिनाच्या आदल्या संध्याकाळी वर्षाराणी घरी आली आणि आईला मोबाइलवर चित्रपट दाखवला. आईनं चष्मा लावला. खून झाला तेव्हा ती म्हणाली, “चला, सुटला बिचारा मास्तर.” मग ढीग आले. मग ती पाठ.

आईनं मोबाइल डोळ्यांजवळ नेला. “हा कोन?”

“खुनी, आजी.”

“काई नाई,” आई म्हणाली. “हा उकंडराव होय.” चित्रपट संपून काळा झाला तरी ती पाहत होती. “खांद्यात बरोबर बसला त्याले.”

वर्षाराणी गेली. आई उठून आतल्या खोलीत गेली. मला वाटलं, ती आता कपाट उघडेल, उद्याचे कपडे काढून ठेवेल. वर्षभर तीच तर म्हणत होती. आतून कुलूप उघडल्याचा आवाज आला, आणि पुन्हा लावल्याचा. मग ती बाहेर आली आणि कपाटाची किल्ली माझ्या हातात ठेवली.

“बाकीचे तूच काढ,” ती म्हणाली. “माह्यानं नाई होत.”